पाठमोरे शिपाई

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांना इटलीला पाठविले होते. १९४५ सालच्या माघी जत्रेत गावाबाहेरच्या माळावर तंबूतला सिनेमा आला. मुख्य चित्रपटाच्या आधी लढाईची चित्रे दाखवितात असे पणजीला कुणीतरी सांगितले. झाले! दोन वर्षांच्या माझ्या आजोबांना कडेवर घेऊन ती तंबूत शिरली. सिनेमा तिने त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. पडद्यावर शिपाई दिसू लागले तशी ती उठून उभी राहिली. मागच्या बायका ओरडल्या, "अगं बस की खाली!" पण चित्रे संपेपर्यंत ती बसली नाही. घरी आल्यावर तिने सासूला एवढेच सांगितले, "समदे पाठमोरे. त्वांड एकाचं बी दिसलं न्हाई."

त्याच उन्हाळ्यात पणजोबा गेल्याचा सरकारी कागद आला. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एक पदक आहे आणि पणजीचे हे वाक्य आहे. ज्यांना आम्ही आबा म्हणतो त्या माझ्या आजोबांनी आपल्या वडिलांचा चेहरा आजवर पाहिलेला नाही. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे.

महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे मला जगातले सगळे कळते अशी आबांची समजूत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्यांनी मला विचारले, "ती लढाईची चित्रं काढणारी माणसं पाठीमागनंच का काढायची गं?" मला उत्तर देता आले नाही. सुटी संपल्यावर मी आमच्या इतिहासाच्या सरांना विचारले, ग्रंथालयात बसले, संगणकावर त्या काळचे काही जुने अनुबोधपटही पाहिले. जे हाती लागले ते आबांना तर सांगितलेच. पण आपणा सर्वांच्या खिशात आज कॅमेरा असतो, म्हणून वाचकांपुढेही ठेवावेसे वाटले.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. त्या युद्धात फार वापरला गेलेला कॅमेरा म्हणजे अमेरिकेतील बेल अँड हॉवेल कंपनीचा 'आयमो'. तो हातात धरून चालविता येई आणि त्याला विजेची गरज नसे. घड्याळाला देतात तशी किल्ली द्यायची, की आतल्या स्प्रिंगच्या जोरावर फिल्म पुढे सरकायची. त्यात ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे शंभर फुटांचे रीळ बसे. आता थोडा हिशेब करू. या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात आणि पडद्यावर दर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट फिल्म खर्ची पडते आणि शंभर फूट सदुसष्ट सेकंदांत संपतात. मोठमोठ्या लढाया टिपायला निघालेल्या माणसाच्या हातात एका वेळी एक मिनिट आणि सात सेकंद! तेही सलग नव्हे, कारण एका किल्लीत रीळ संपत नसे. मध्येच पुन्हा किल्ली द्यावी लागे.

रीळ संपले की नवे भरायचे. तेही उन्हात भरून चालत नसे, कारण उजेड लागला की वरचे वेढे वाया जात. सावली शोधायची, ती नसेल तर आपल्याच अंगाची किंवा कोटाची सावली करायची. वाळवंटात वाळूचा एखादा कण आत शिरला तर साऱ्या फिल्मवर ओरखडा उमटे, म्हणून दर रिळानंतर फिल्म जिथून सरकते ती खाच ब्रशने साफ करावी लागे. रशियाच्या थंडीत वंगण घट्ट होई आणि फिल्म कडक होऊन तुटे. दमट जंगलात तिला बुरशी धरे. शिवाय त्या काळी ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे आणि ती भयंकर ज्वालाग्राही होती. तिचे डबे पाठीवर घेऊन हा मनुष्य गोळीबारात वावरत असे.

इंग्लंडमध्ये १९४१ साली आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट या नावाने सैन्याचे स्वतंत्र चित्रण पथक उभे राहिले. लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत त्याचे प्रशिक्षण चाले. शिकणारे कित्येक जण मूळचे शिपाईच होते. शिकवणीचे सूत्र साधे होते: फिल्म जपून वापरा. एक दृश्य साधारण दहा सेकंदांचे घ्या, म्हणजे एका रिळात सहा-सात दृश्ये बसतील. आधी दुरून सगळा देखावा, मग मध्यम अंतरावरून माणसे, मग जवळून एखादी गोष्ट, अशी क्रमवारी ठेवा. तिपाई लावायला वेळ नसेल तर भिंतीला टेका, गुडघ्यावर कोपर रोवा, श्वास रोखून धरा. आयमोच्या तोंडाशी तीन भिंगांची फिरती चकती बसविता येई. ती फिरविली की जागा न सोडता दूरचे किंवा जवळचे टिपता येई. आवाज मात्र या कॅमेऱ्यात येत नसे. युद्धपटांत ऐकू येणारा तोफांचा गडगडाट बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत बसून जोडलेला असतो.

एवढे समजल्यावर आबांच्या प्रश्नाकडे वळता येते. कॅमेरा चालविणारा कुठे उभा राहील?

याचे उत्तर पहिल्या महायुद्धातल्या एका चित्रपटात सापडते. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० सैनिक मारले गेले. जेफ्री मालिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोघा कॅमेरामननी ही लढाई टिपली आणि ऑगस्टमध्येच 'द बॅटल ऑफ द सोम' हा चित्रपट इंग्लंडभर झळकला. सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटे खपली असे सांगतात. आमच्या पणजीप्रमाणेच तिथल्या आयाबहिणीही पडद्यावर आपला माणूस शोधत असतील!

या चित्रपटात एक प्रसिद्ध दृश्य आहे. शिपाई खंदकाच्या काठावर चढून शत्रूकडे निघतात आणि त्यांतला एक घसरून खाली कोसळतो. प्रेक्षक हेलावून गेले. पण हे दृश्य आघाडीवरचे नव्हते. पिछाडीच्या एका लष्करी प्रशिक्षणकेंद्रात ते मुद्दाम घडवून आणले होते, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. खऱ्या हल्ल्यात तिपाई लावून, हाताने दांडा फिरवीत उघड्यावर उभे राहणे म्हणजे मरणच होते. मालिन्सने खरोखर टिपलेले त्या दिवशीचे दृश्य पाहा. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडाला, ते चित्र बऱ्याच अंतरावरून घेतलेले आहे. आणि हल्ल्याला निघालेली माणसे? ती दूर, मुंग्यांएवढी दिसतात.

मग माझ्या लक्षात आले की पणजीच्या वाक्यात एक मोठा नियम दडलेला आहे. शिपायाचे तोंड शत्रूकडे असते. त्याचा चेहरा टिपायचा तर कॅमेरामनला शिपायाच्या पुढे जाऊन शत्रूकडे पाठ करून उभे राहावे लागेल. तो शिपायाच्या मागे राहिला तर पाठच दिसणार. म्हणून युद्धपट पाहताना असा प्रश्न विचारायला हवा की हा कॅमेरा जिथे आहे तिथे त्या क्षणी खरोखर कुणी उभे राहू शकले असते का? धावून येणाऱ्या सैनिकांचे चेहरे समोरून, स्थिर आणि स्वच्छ दिसत असतील तर बहुधा ते दृश्य सरावाचे असते. पणजीला दिसलेल्या पाठी खऱ्या लढाईच्या असण्याचा संभव अधिक.

दुसरी अडचण अंधाराची. महत्त्वाचे हल्ले पुष्कळदा रात्री होत आणि त्या काळची फिल्म मंद होती. दिवस मावळला की तिचे काम संपे. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री इजिप्तमध्ये एल अलामीनची लढाई तोफांच्या भडिमाराने सुरू झाली. तिच्यावर पाइनवूडमध्ये तयार केलेल्या 'डेझर्ट व्हिक्टरी' (१९४३) या अनुबोधपटाला ऑस्कर मिळाले. त्यात काळ्याकुट्ट पडद्यावर तोफांचे लोळ चमकतात, ते अस्सल आहेत. पण अंधारात पुढे सरकणाऱ्या सैनिकांची जवळून घेतलेली काही दृश्ये स्टुडिओत दिवे लावून केलेली आहेत. चेहरे हवे होते. ते रणांगणावर मिळणे शक्य नव्हते.

आपल्या मराठा पलटणीचेच पाहा. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तर शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या तीरावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे त्याच लढाईत धारातीर्थी पडले. असे पराक्रम क्षणार्धात घडतात. शंभर फुटांचे रीळ नेमके त्या क्षणी, त्या जागी आणि पुरेशा उजेडात हजर असणे हा केवळ योगायोगच म्हणावा लागेल.

आता थरथरत्या चित्राविषयी. ४ जून १९४२ रोजी पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटावर जपानी विमानांनी हल्ला केला. हॉलिवूडचे नामवंत दिग्दर्शक जॉन फोर्ड तेव्हा अमेरिकी नौदलात होते. तेथील वीजघराच्या छपरावर उभे राहून ते १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने रंगीत चित्रण करीत होते. ही १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली हौशी लोकांसाठी म्हणून बाजारात आली होती. तिचा कॅमेरा हलका, फिल्म सहसा पेट न घेणारी, आणि शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटे पुरे. बॉम्ब जवळच फुटला, फोर्ड जखमी झाले, फिल्म जागेवरून सरकली आणि चित्र उडाले. चित्रपट जोडताना त्यांनी हे उडालेले चित्र कापले नाही, तसेच ठेवले. प्रेक्षकांना वाटले की आपणच त्या छपरावर उभे आहोत. तोपर्यंत थरथरणे हा दोष होता. आता ती खरेपणाची खूण ठरली.

पण खूण माहीत झाली की तिची नक्कलही करता येते. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतील सान पिएत्रो गावासाठी झालेल्या लढाईवर जॉन ह्यूस्टन यांनी केलेला चित्रपट १९४५ साली प्रदर्शित झाला. त्यात कॅमेरा सारखा हादरतो. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की त्यातील बहुतेक लढाईची दृश्ये लढाई संपल्यावर खऱ्या सैनिकांकडून करवून घेतलेली होती. याला ढोंग म्हणावे काय? मला अजून ठरविता आलेले नाही. त्या सैनिकांनी खरी लढाई लढली होती आणि त्याच डोंगरांत त्यांचे सोबती खरोखर मेले होते. परंतु प्रेक्षकाला हे सांगायला हवे होते, एवढे मात्र नक्की वाटते.

मग शत्रूकडे पाठ करून खरा चेहरा टिपणारा कुणीच निघाला नाही का? निघाला. डेमियन पॅरर हा ऑस्ट्रेलियाचा कॅमेरामन. न्यू गिनीच्या जंगलात चिखल तुडवीत त्याने थकलेल्या, जखमी सैनिकांचे जे चित्रण केले त्यातून 'कोकोडा फ्रंट लाइन' (१९४२) हा वार्तापट तयार झाला आणि ऑस्ट्रेलियाला पहिले ऑस्कर मिळाले. चालून जाणाऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय असते हे त्याला दाखवायचे होते आणि त्यासाठी तो सैनिकांच्या पुढे उलटा चालत असे. १७ सप्टेंबर १९४४ रोजी पेलेलिउ बेटावर अमेरिकी सैनिकांचे चेहरे असेच टिपत असताना शत्रूच्या गोळ्यांनी तो ठार झाला. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग पाठमोरंच बरं."

कधीकधी तंत्र न्यायालयाच्याही उपयोगी पडते. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत शिरले. तेथे हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. सैन्याच्या चित्रण पथकातील सार्जंट ते दृश्य टिपू लागले. हे पुढे कुणी खोटे म्हणू नये यासाठी काय करावे? या चित्रणातून अनुबोधपट करण्याचे काम सिडनी बर्नस्टाइन यांच्याकडे होते आणि त्यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांचा सल्ला घेतला. हिचकॉक यांचे म्हणणे असे होते की दृश्ये लांब आणि न तोडलेली असावीत. प्रेतांचे खड्डे आणि पाहायला आणलेले जर्मन लोक एकाच चौकटीत दिसावेत. कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे सलग फिरत जावा. कात्री लागली की शंकेला जागा होते. तो अनुबोधपट १९४५ मध्ये अर्धवट बाजूला पडला आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने २०१४ साली पूर्ण करून दाखविला.

येथवर व्यावसायिकांची गोष्ट झाली. हौशी माणसाचे काय?

युद्धकाळात फिल्मची टंचाई जगभर जाणवली. आपल्याकडेही १९४२ साली चित्रपटांच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली, म्हणजे जेमतेम दोन तास. १९४३ पासून चित्रपटगृहांना सरकारमान्य युद्धपट दाखविणे सक्तीचे झाले. पणजीने पाहिलेली चित्रे याच सक्तीतून गावोगाव पोचत असली पाहिजेत. निर्मात्यांनाच फिल्म मोजूनमापून मिळत होती, तिथे हौशी माणसाची काय कथा! शिवाय युद्धकाळात हाती कॅमेरा दिसला की माणसाकडे संशयाने पाहिले जाई.

अशा दिवसांतल्या एका हौशी माणसाची हकिकत मला सर्वांत आवडली. अमेरिका आणि जपान यांचे युद्ध पेटल्यावर अमेरिकेने आपल्याच देशातील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावून छावण्यांत डांबले. त्यांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. यूटा राज्यातील टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो नावाचा दुकानदार होता. छावणीच्या दुकानातील एका वरिष्ठाच्या मदतीने त्याने आपला ८ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा आत मागविला आणि बुटांच्या खोक्यात लपवून ठेवला. संधी मिळेल तसे त्याने रंगीत चित्रण केले. काय टिपले त्याने? बर्फात खेळणारी मुले, भात कुटून लाडू करणाऱ्या बायका, प्रार्थनेहून परतणारी माणसे. काटेरी तारा आणि पहारेकरी त्याने भीतीपोटी टाळले. त्यामुळे चित्रणात तुरुंग जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते चेहरे. कारण तो त्यांच्यातलाच एक होता आणि ती माणसे त्याच्याकडे पाहून हसत होती. घरगुती म्हणून केलेले हे चित्रण १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी निवडले गेले.

व्यावसायिकाजवळ चांगले यंत्र होते, शिक्षण होते, वर सरकारचा पाठिंबा होता. तरी त्याला बहुतेक पाठी मिळाल्या. हौशी माणसाजवळ खोक्यात लपविलेले खेळण्याएवढे यंत्र होते आणि त्याला चेहरे मिळाले. चेहरा दिसायचा तर टिपणाऱ्याने माणसाच्या समोर असावे लागते आणि त्या माणसाला त्याची भीती वाटता कामा नये. माझ्या वाचनाचे सार मला एवढेच सांगता येईल.

एक गोष्ट राहिली. पाइनवूडला शिकून गेलेल्या सार्जंटांना प्रत्येक रिळाबरोबर एक टिपण लिहावे लागे: तारीख, ठिकाण, पलटण, कोणत्या दृश्यात काय आहे. फिल्म दूर लंडनला जाऊन धुतली जाई, म्हणून हा कागद नसेल तर तेथे कुणालाच काही कळत नसे. आज ऐंशी वर्षांनंतर ती चित्रे ओळखता येतात ती या कागदांमुळे. पण गर्दीतल्या प्रत्येक शिपायाचे नाव लिहायला त्या सार्जंटला वेळ कुठला!

इटलीतील हिंदी सैनिकांच्या चित्रणाचे काही तुकडे मी मोबाइलवर शोधून काढले आणि आबांना दाखविले. पूल ओलांडणारे शिपाई पाठमोरे होते. पण एका तुकड्यात ते चुलीभोवती बसून चपात्या भाजत होते आणि त्यांतला एक मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहून हसला. आबांनी चित्र थांबवायला सांगितले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"ह्यो आपला न्हवं," ते म्हणाले. "पर कुणाचा तरी असंलच की. नाव लिवलंय का?"

नाव लिहिलेले नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या मोबाइलमध्ये रीळ संपत नाही, किल्ली द्यावी लागत नाही, अंधारातही चित्र येते. सहलीची आणि स्नेहसंमेलनाची शेकडो चित्रे आपण काढतो. त्यांतली थोडी जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवा. त्यांच्या समोर बसा, त्यांना बोलू द्या, घाई करू नका. आणि ते कोण, कुठले, कोणत्या दिवशी बोलले हे कागदावर लिहून ठेवा.

त्याच संध्याकाळी मी ओसरीवर आबांचे चित्रण केले. पणजीची तंबूतली गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली. सात मिनिटांचे आहे, सगळे समोरून. त्यांचे नाव, गाव आणि तारीख मी वहीत लिहिली आहे. खाली पणजोबांचेही नाव लिहिले, आणि पुढे चेहऱ्यासाठी जागा मोकळी सोडली.